‘आतली घाण बाहेर पडतेय’ म्हणे!

आमच्या आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मजकूर आला. चार दिवसांनी तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला. मग भावजयीने ‘तुझ्या लेकासाठी’ म्हणून थेट मला पाठवला. शेवटी जोडलेले हात आणि ‘एका तरी बाळाचं भलं होईल, पुढे पाठवा’.

मजकूर थोडक्यात असा. बाळाच्या अंगावर येणारा इसब म्हणजे आईच्या पोटातली उष्णता आणि बाळाच्या रक्तातली घाण, ती बाहेर पडू द्यावी. डॉक्टरच्या मलमात स्टेरॉइड असतं, त्याने इसब आत दबतो आणि पुढे दमा होतो, शिवाय कोड येतं. त्याऐवजी अंघोळ एक दिवसाआड, मोहरीच्या तेलाने मालीश, डाळीचं पीठ, हळद आणि साय यांचं उटणं. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे आईला आणि बाळाला बंद. तीन महिन्यांत इसब मुळासकट जातो.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या मुलाला तिसऱ्या महिन्यापासून इसब आहे, आता तो चार वर्षांचा आहे, आणि यातल्या निम्म्या गोष्टी मी स्वतः करून चुकले आहे. म्हणून हे उत्तर.

‘रक्तातली घाण’ हा सगळ्या मजकुराचा पाया आहे, म्हणून आधी तो. इसबात नेमकं उलटं घडतं. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते त्या थराला घट्ट बांधतं आणि त्यातला ओलावा धरून ठेवतं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. प्रत्येक इसबवाल्या मुलात हा दोष सापडत नाही, आणि दोष असलेल्या प्रत्येकाला इसबही होत नाही. पण चित्र स्पष्ट झालं. कौलं सरकलेल्या घरासारखी ही कातडी असते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं सगळं आत शिरतं: साबण, धूळ, घाम, लोकरीचं टोचणं, जंतू. शरीर त्यावर चवताळतं, आग होते, खाज सुटते, खाजवल्यावर आणखी कौलं सरकतात. आतून बाहेर येणारं असं काही नसतंच. त्यामुळे ‘बाहेर पडू द्या’ म्हणत थांबणं म्हणजे गळक्या छपराखाली बसून पाऊस संपायची वाट बघणं.

आणि आईच्या पोटातल्या उष्णतेबद्दल: बाळंतपणाआधी मी लोणचं खाल्लं, वांगं खाल्लं, पपईच्या फोडीकडे नुसतं बघितलं, या सगळ्याचा हिशेब माझ्याकडून तीनदा मागितला गेला. दोष जनुकांतून येतो, आणि जनुकं आईबाबा दोघांकडूनही येतात. आमच्या घरात लहानपणी दमा होता तो मुलाच्या बाबांना. त्यांनी काय खाल्लं होतं ते कुणी विचारलं नाही.

मजकुरासोबत चार फोटो होते. त्यातला एक उघड उघड नायटा होता: गोल कडा, मध्ये बरी होत आलेली कातडी. नायटा किंवा गजकर्ण बुरशीने होतं, खरूज किड्याने होते, आणि दोन्ही एकाचं दुसऱ्याला लागतात. इसब लागत नाही. रात्री घरातले दोघे-तिघे एकदम खाजवत असतील तर इसबाआधी खरजेचा विचार करावा. तान्ह्या बाळाचा इसब बहुतेकदा गाल, डोकं आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, लंगोटाची जागा सहसा सोडतो. रांगायच्या-चालायच्या वयानंतर तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत जाऊन बसतो. पुस्तकांत ‘लालसर चट्टे’ लिहिलेलं असतं, आपल्या सावळ्या कातडीवर ते जांभळट, तपकिरी किंवा करडे दिसतात, कधी नुसती खरखरीत पुटकुळ्यांची जाळी हाताला लागते. मी दोन आठवडे ‘लाल नाहीये’ म्हणून थांबले होते.

आता स्टेरॉइड. इथे मजकूर लिहिणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही, कारण भीती हवेतून आलेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून आम्हीही एकदा न विचारता ट्यूब आणली होती. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ती उलटून वाचली आणि बाजूला ठेवून दिली. आत क्लोबेटासोल होतं, म्हणजे सगळ्यात कडक वर्गातलं स्टेरॉइड, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, असा तीन-इन-वन मामला. तान्ह्या बाळाच्या गालाला! असली मिश्रणं आणि गोरं करणारी म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडची क्रीमं वापरून चेहऱ्याची वाट लागलेली माणसं आपल्या देशात इतकी झाली की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम चालवावी लागली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात तो किती पाळला जातो ते तुम्हीही जाणता.

पण ‘स्टेरॉइड’ ही एकच वस्तू नाही. एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य टोक, क्लोबेटासोल हे दुसरं टोक, मध्ये बरेच टप्पे. बाळाच्या चेहऱ्याला सौम्य, अंगाला गरजेप्रमाणे थोडं वरचं, ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत. मात्रा मोजायची रीतही सोपी आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या एका हाताला अशी एक पट्टी, एका पायाला दीड. हे कळायच्या आधी मी अर्धा हरभरा मलम अख्ख्या पायाला फासून ‘गुण येत नाही’ म्हणत होते. घाबरून अर्धवट वापरलं की आग विझत नाही, धुमसत राहते, आणि मग एकूण मलम जास्तच लागतं.

‘आत दबतो आणि दमा होतो’ हे सगळ्यात पसरलेलं वाक्य. ते खरं वाटतं, कारण क्रम खराच तसा दिसतो: आधी इसब, मग काही मुलांना खाण्याची अॅलर्जी, पुढे दमा, वाहतं नाक. पण भावंडांत थोरला आधी शाळेत जातो म्हणून धाकटा त्याच्यामुळे जन्माला आला असं नसतं. दोन्हीमागे घराण्यातून आलेली एकच प्रवृत्ती असते आणि इसबाचं वय लवकरचं असतं, एवढंच. इसब जितका लवकर आणि जितका तीव्र, तितकी पुढे दम्याची शक्यता जास्त. मग ज्या मुलांना मलम जास्त लागलं त्यांनाच दमा जास्त झालेला दिसणार, आणि खापर मलमावर फुटणार.

उलट बाजूचा पुरावा बघा. जपानमध्ये ६५० तान्ह्या बाळांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांच्या इसबावर सुरुवातीपासूनच स्टेरॉइड मलमाचे जोरकस उपचार केले, त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के बाळांना साडेसहा महिन्यांच्या वयाला अंड्याची अॅलर्जी आढळली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या जवळ होतं. म्हणजे इसब ‘दाबल्याने’ पुढची अॅलर्जी वाढली नाही, कमी झाली. त्याच अभ्यासात जोरकस उपचारांच्या गटातल्या बाळांचं वजन आणि उंची थोडी कमी भरली, हेही सांगायला हवं. तेव्हा स्टेरॉइड हे खोबरेल तेल नव्हे, मात्रा डॉक्टरनेच ठरवायची.

कोडाचं म्हणाल तर, बऱ्या झालेल्या चट्ट्याच्या जागी कातडी काही काळ फिकट दिसते. आग होऊन गेलेल्या जागी रंग तयार करायचं काम मंदावतं आणि सावळ्या अंगावर ते उठून दिसतं. मलम न लावताही हे होतं. कडक स्टेरॉइड फार दिवस लावलं तर त्यानेही फिकटपणा येऊ शकतो. दोन्ही बहुधा काही महिन्यांत भरून येतं. कोड म्हणजे खडूसारखा पांढरा, रेखीव कडेचा डाग, तो वेगळाच आजार. आमच्याकडे लग्नाकार्यात मुलाचे गाल बघून दोघींनी डोळ्यांनीच एकमेकींना काहीतरी सांगितलं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाल पूर्ववत झाले.

अंघोळ एक दिवसाआड कशाला? रोज घाला, पण कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, सुवासिक साबण न लावता. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच लगेच मऊपणा आणणारं क्रीम किंवा साधी पांढरी पेट्रोलियम जेली भरपूर लावायची. भरपूर म्हणजे किती? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलं आहे. आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो. म्हणूनच महागडी बाटली जपून वापरण्यापेक्षा स्वस्तातला डबा सढळ हाताने वापरलेला बरा. फक्त अशी चिकट मलमं मुरलेले कपडे आणि चादरी भुरकन पेट घेतात, देवाजवळचा दिवा आणि शेगडी लांब ठेवा.

जाता जाता, क्रीम विकणाऱ्यांचाही एक मजकूर फिरतो: जन्मापासून रोज लावा, इसब होणारच नाही. ब्रिटनमधल्या १३९४ बाळांवरच्या, २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही. झालेल्या इसबाला क्रीम हवंच, टाळायला ते पुरत नाही. आणि बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर गळ्यात मारणाऱ्यांनाही सांगा की ३३६ मुलांवरच्या २०११ च्या चाचणीत त्याने इसबात फरक पडला नव्हता. आम्ही तोही घेतला होता, म्हणून जरा चीड आहे.

मोहरीचं तेल झोंबतं. धडक्या कातडीला कदाचित चालून जाईल, इसबाच्या कातडीला नाही. खोबरेल त्या मानाने सौम्य. आमच्या मालीशवाल्या मावशींना हे सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं, पण त्या ‘बरं, हलक्या हाताने करते’ म्हणाल्या. अडचण आली ती धुरीची. ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालींच्या धुराने डोळे-नाक चुरचुरतात तशी ही कातडीही चिडते. धुरी बंद झाली तेव्हा आईंनी दोन दिवस अबोला धरला.

उटण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. फुटलेल्या कातडीवर डाळीचं पीठ आणि साय चोळणं म्हणजे त्या पदार्थांची ओळख शरीराला चुकीच्या दाराने करून देणं. तोंडावाटे पोटात गेलेला पदार्थ शरीर सहसा आपला मानतं, फुटक्या कातडीतून शिरलेला तोच पदार्थ शत्रू ठरू शकतो. ब्रिटनमध्ये २००३ मध्येच दिसलं होतं की ज्या बाळांच्या पुरळावर शेंगदाणा तेल असलेली क्रीमं लावली गेली त्यांच्यात शेंगदाण्याची अॅलर्जी जास्त होती. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला तोंड धुवायचा एक साबण वापरून दोन हजारांवर माणसांना गव्हाची अॅलर्जी झाली, आधी पोळी-पाव सुखाने खाणाऱ्यांना!

इथूनच पथ्याचा मुद्दा कोसळतो, कारण मजकूर सांगतो ते बरोबर उलटं आहे: कातडीला चोळा आणि तोंडाला बंद करा. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना पूर्ण वर्ज्य केले. पाच वर्षांच्या वयाला वर्ज्य गटात १७ टक्क्यांच्या आसपास मुलांना शेंगदाण्याची अॅलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३ टक्क्यांच्या. हे २०१५ मध्ये आलं आणि जगभरचे सल्ले फिरले. अर्थात अख्खा दाणा घशात अडकतो, बाळाला द्यायचं ते अगदी बारीक कूट खिमटात कालवून, आणि इसब तीव्र असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत गांधी उठतात, उलटी होते, ओठ सुजतात, तर तो बंदच करायचा आणि तपासणी करायची. पण नुसत्या इसबासाठी दूध-अंडी-गहू एका फटक्यात बंद केल्याने बाळ अशक्त होतं, अंगावर पाजणारी आईही. मी सात आठवडे बिनदुधाचा चहा प्यायले. इसब होता तिथेच होता.

एक गोष्ट मजकुरात नाही आणि ती नसणं धोक्याचं आहे. पिवळट खपल्या धरल्या, पाणी झिरपू लागलं तर जंतू शिरलेत, त्याच दिवशी दाखवा. आणि एकसारख्या आकाराचे पाणीदार फोड, मग टोचून काढल्यासारखे छोटे खड्डे, वर ताप, असं झालं तर रात्रही काढू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मोठ्यांच्या ओठाच्या कडेला जे फोड येतात त्यांचाच विषाणू इसबाच्या कातडीत झपाट्याने पसरतो. असे फोड असलेल्या माणसाने बाळाचा पापा घेऊ नये, मग ती आजी का असेना.

राहता राहिले तीन महिने आणि मुळासकट. पुष्कळ मुलांचा इसब शाळेच्या वयात निवळतो, काहींचा राहतो, आणि सगळ्यांचाच येऊन-जाऊन असतो. म्हणूनच तीन महिन्यांत कशानेही गुण आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे या दिवाळीत, थंडी पडताच, डाव्या कोपराची खोबणी पुन्हा खरखरीत झाली. आईंनीच पाहिलं, फडताळातून डबा काढला, आणि मला हाक मारली, ‘अगं, ती बोटाच्या पेराएवढी पट्टी कुठल्या ट्यूबची?’