पाव इंच माया

भेट द्यावी आणि समोरच्याने ती हसतमुखाने ठेवून घ्यावी, इतका साधा व्यवहार माझ्या मित्राच्या आणि त्याच्या पत्नीच्या बाबतीत मला आजवर जमलेला नाही. या दांपत्याला दिलेले घड्याळ रात्री फार मोठ्याने वाजते, दिलेली फुलदाणी फुले नसताना बरी दिसते, आणि दिलेली तसबीर भिंतीवर लावताच आपली भिंतच तिरकी असल्याचा शोध त्यांना लागतो. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत आली, तेव्हा गेली दोन वर्षे शिवणयंत्राशी हौसेने झटापट करणाऱ्या माझ्या तोंडून "या वेळी मी स्वतःच्या हाताने गोधडी शिवून देतो" असे वाक्य निघून गेले. "अहो!" एवढेच माझी पत्नी म्हणाली; पण त्या एका शब्दात तिने पुढच्या आठ महिन्यांचा वृत्तांत आगाऊ सांगून ठेवला होता.

"भावोजी, गोधडी नका म्हणू, क्विल्ट म्हणा," अशी पहिली दुरुस्ती मित्राच्या पत्नीने केली आणि मग अपेक्षा सांगितल्या. क्विल्ट व्हिंटेज दिसायला हवी, म्हणजे पन्नास-साठ वर्षे वापरल्यासारखी. "पण जुनाट नको," मित्र म्हणाला. फिकट हवी, पण विटकी नको. मऊ हवी, पण लेचीपेची नको. सुरकुतलेली चालेल, चुरगळलेली चालणार नाही. मराठी भाषेत इतक्या जवळजवळच्या अर्थांचे इतके शब्द असल्याचा अभिमान मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडा कमी वाटला.

नमुन्याचा प्रश्न आला तेव्हा त्या दोघांनी एकमताने 'डबल वेडिंग रिंग'वर बोट ठेवले. एकमेकींत अडकलेल्या अंगठ्यांचा हा नमुना १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत फार लोकप्रिय होता आणि लग्नाच्या वाढदिवसाला तो शोभतोही. अडचण एवढीच, की त्यातली प्रत्येक अंगठी बारीक बारीक तुकड्यांची कमान जोडून बनते आणि त्या कमानीची आत वळलेली कड बाहेर वळलेल्या कडेला शिवायची असते. गोल कड कापली की कापडाचा उरेब, म्हणजे विणीला तिरका, भाग उघडा पडतो आणि उरेब कापड नुसत्या बोटाच्या स्पर्शानेही ताणले जाते. मी नमुन्यादाखल एक अंगठी शिवून टेबलावर ठेवली, तर ती सपाट बसेना. मधोमध फुगून टोपीसारखी उभी राहिली. पत्नीने ती चहाच्या किटलीवर घालून पाहिली आणि अगदी बेतशीर बसल्याचे सांगितले. दांपत्याला मी कळवले, की संसारात इतकी वळणे बरी नव्हेत आणि आपण साधे चौकोन घेऊ. त्यांनी ते मान्य केले, पण चौकोन "साधे वाटणार नाहीत असे" घ्यावेत, असेही सांगितले.

कापडाच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजूनही माझा रक्तदाब वाढतो. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांवर कारखानदार फुलांची छपाई करत, कारण काटकसरी बायका रिकामी पोती उसवून त्यांचे झगे आणि गोधड्या शिवत असत. त्याच पोत्यांवरची बारीक फुले आज नव्या तलम सुती कापडावर छापून 'त्या काळच्या नमुन्यांचे' म्हणून विकली जातात. म्हणजे ज्यांच्याकडे दुसरे काही नव्हते त्यांनी जे नाइलाजाने वापरले, ते आपण निवडून निवडून, नाके मुरडून घ्यायचे. मी नेलेल्या तुकड्यांपैकी एक हिरवा "जरा बोलका" ठरला, एक गुलाबी "दुपारचा" वाटला आणि एक पिवळा आपल्याकडे टक लावून पाहतो आहे, असे मित्राचे म्हणणे पडले.

खरी परीक्षा पुढे होती. गोधडी ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब ठरली होती. शिवून झाल्यावर अडीच इंचांचा राहील असा चौकोन धरला, तर एका ओळीत ३६ आणि अशा ४० ओळी, म्हणजे १,४४० चौकोन. फिरत्या पात्याची सुरी १९७९ साली एका जपानी कंपनीने बाजारात आणली नसती, तर मी अजून कात्रीने कापतच बसलो असतो. प्रत्येक चौकोन तीन इंचांचा कापायचा, कारण चारही बाजूंना शिवणीत दडण्यासाठी पाव इंच माया सोडायची असते. कापडाच्या या दुमडीला 'माया' हे नाव देणाऱ्याला माझे वंदन असो. मात्र माया नेमकी पाव इंचच हवी, कमी नको आणि जास्तही नको, हा दंडक त्याने घरातल्या माणसांवर कधी वापरून पाहिला नसावा.

पाव इंच म्हणजे दोन सूत. वीस ओळी मी दोन सूत माया धरून शिवल्या. मग मध्ये यंत्राची साफसफाई झाली, सुई पुन्हा बसवताना किंचित सरकली आणि पुढच्या वीस ओळींत माया अडीच सूत पडू लागली. अर्धा सूत म्हणजे डोळ्याला दिसतही नाही असे अंतर. परंतु ते शिवणीच्या दोन्ही अंगांना पडते आणि एका ओळीत पस्तीस शिवणी असतात. दोन्ही वीस-वीस ओळी जोडायला घेतल्या, तेव्हा एक पट दुसऱ्यापेक्षा जवळजवळ साडेचार इंचांनी आखूड निघाला. माया जास्त झाली की वस्तू आखडते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दोन्ही पटांचे सूत काही केल्या जुळेना, तेव्हा मी सातशे शिवणी उसवल्या. त्या तीन आठवड्यांत मी कोणाशी काय बोललो ते मला आठवत नाही. घरच्यांना आठवते, पण ते सांगत नाहीत.

पट जोडून झाल्यावर दांपत्य पाहणीला आले. मित्राने चष्मा पुसला, गोधडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि दोन निळे चौकोन शेजारी आल्याचे दाखवून दिले. जुन्या गोधड्यांमध्ये असे सर्रास आढळते, असे मी सांगताच त्याची पत्नी म्हणाली, "हो, पण त्यांच्यात ते सहज आलेलं असतं, हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं." निर्दोषपणा केवळ देवाचा, म्हणून पूर्वीच्या कारागीर स्त्रिया गोधडीत जाणूनबुजून एक चूक ठेवत, अशी एक कथा पुष्कळ सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकांना तिला पुरावा सापडलेला नाही आणि माझाही तिच्यावर विश्वास नाही, कारण १,४४० चौकोन शिवणाऱ्या माणसाला चूक जाणूनबुजून करण्याची वेळच येत नाही.

मग अस्तर, त्यावर कापसाची गादी, त्यावर पट, असे तीन थर जमिनीवर पसरून मी दर चार इंचांवर एक याप्रमाणे साडेपाचशेहून अधिक सेफ्टी पिना लावल्या. गुडघे धरून उठलो आणि गोधडी उचलली, तर तिच्याबरोबर सतरंजीही उठली. पिना काढून पुन्हा लावल्या आणि हाताने धावदोरा घालायला बसलो. कसलेल्या हातांचे इंचाला आठ-दहा टाके पडतात. माझे चार पडत, आणि अंगुस्तान घालण्याची आठवण राहिली तर पाच.

आता ती जुनी दिसायला हवी होती. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर झाक आणावी, अशी मित्राच्या पत्नीची सूचना होती. पण चहातले टॅनिन काळाच्या ओघात सुताला कमजोर करते, म्हणून मी ती मोडून काढली. सुरकुत्यांचा सरळ मार्ग वेगळाच आहे: कापड आधी न धुता शिवायचे आणि गोधडी पुरी झाल्यावर धुवायची, म्हणजे आतला कापूस आटतो आणि प्रत्येक टाक्याभोवती कापड चुण्या घेते. यातली मेख अशी, की न धुतलेल्या लाल रंगाला शेजाऱ्यांकडे जाण्याची भारी हौस असते. मी धुलाई यंत्रासमोर स्टूल टाकून, काचेवर नाक टेकवून पाऊण तास बसलो होतो. आत टाकलेले रंग शोषणारे कागद गुलाबी होऊन निघाले, गोधडी मात्र जशीच्या तशी राहिली, आणि मी यंत्राला हात जोडले.

वाढदिवसाच्या दिवशी गोधडी त्यांच्या पलंगावर पसरली. मित्राने टेप काढला; शंभराचे शहाण्णव इंच भरले होते. "जुन्या वस्तू आटतातच," मी म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे त्याने ते मान्य केले. त्याच्या पत्नीने चुण्यांवरून तळवा फिरवला, एक कोपरा गालाला लावला, त्या दोन निळ्या चौकोनांपाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "भावोजी, अगदी आजीच्या पेटीतून काढल्यासारखी झाली आहे हो." माझे डोळे भरून आले. तेवढ्यात दोघांनी दोन्हीकडून टोके धरून गोधडीची व्यवस्थित घडी घातली, ती मलमलीत गुंडाळली आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिली. मी नुसता पाहतच राहिलो, तेव्हा मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावले, "अरे, रोज वापरली तर जुनी होईल ना!"