पीएचडी बंद करून नॉलेज इकॉनॉमी येत नसते

सध्या ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरतोय. विद्यापीठांचं अनुदान बंद करा, पीएचडीवरचा खर्च वाया जातो, पोरांना सहा महिन्यांचे स्किल कोर्स द्या, दक्षिण कोरियाने हेच केलं आणि श्रीमंत झाला, बिल गेट्सने तर कॉलेजच सोडलं होतं. चांगली शिकलेली माणसं पण हे पुढे पाठवतायत म्हणून लिहितोय.

आधी कोरियाचं बघू. कारागीर तयार केले हे खरंय, पण त्याच काळात, 1966 ला, सरकारी पैशाने किस्ट ही संशोधन संस्था काढली, 1971 ला काइस्ट हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं विद्यापीठ, आणि परदेशात गेलेल्या स्वतःच्या शास्त्रज्ञांना चांगला पगार, राहायला घर देऊन परत आणलं. आज ते जीडीपीच्या 5 टक्क्यांच्या आसपास संशोधनावर घालतात, आपण 0.64!

मग म्हणे पीएचडीने कुणाचं पोट भरलंय? अंजी रेड्डी मुंबई विद्यापीठाच्या यूडीसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या विभागात शिकले, पुण्याच्या एनसीएल या सरकारी रसायन प्रयोगशाळेत पीएचडी केली, 1984 ला डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढली, आज तिथे हजारो लोक कामाला आहेत. 1970 च्या पेटंट कायद्याने दुसऱ्या कंपनीने शोधलेलं औषध वेगळ्या पद्धतीने बनवायची मुभा दिली, पण ती पद्धत शोधायला केमिस्ट लागतो ना, आणि तो सहा महिन्यांत तयार होत नाही. घरातल्या बीपी-शुगरच्या गोळ्या आपल्याला परवडतात त्यामागे ही सरकारी लॅबमधली वर्षानुवर्षांची मेहनत पण आहे.

बिल गेट्सने कॉलेज सोडलं, बरोबर. पण गूगल स्टॅनफर्डच्या दोन पीएचडी करणाऱ्या पोरांनी सरकारी संशोधन निधीच्या मदतीने उभं केलं, ते मेसेजमध्ये नाही.

आणि सरकार शिक्षणावर खूप उधळतं म्हणे. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने 1966 ला जीडीपीच्या 6 टक्के सांगितले, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परत तेच 6 टक्के, तिथे आपण एकदाही पोचलो नाही. इथे आपल्याकडे नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजं करतात, मी स्वतः केलीयेत, तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की ते पण बंद, आणि मानधन हातात यायला महिनोनमहिने लागतात. अशा माणसाने एसटीत बसून संशोधन करायचं का? सुधारणा करायचीच असेल तर आधी रिकाम्या जागा पूर्ण पगारावर भरा, लॅबला केमिकल घ्यायला पैसे द्या. स्किल कोर्स पण काढा, माझा अजिबात विरोध नाही, त्याला शिकवणारे पण या विद्यापीठांतूनच येणारेत.