दीव टूरच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुम्ही लिहिलंत की खुकरी युद्धनौकेच्या स्मारकावर दीड तास वाया गेला, काचेत ठेवलेल्या जहाजाच्या मॉडेलशिवाय बघण्यासारखं काही नाही, तेवढा वेळ नागोआ बीचला द्यायचा होता. आणि गाइडने आधी खुकरी बुडाली सांगितलं, मग खुकरीवरच फिरवलं, म्हणजे माहिती चुकीची.

माहिती बरोबर आहे सर, खुकरी दोन आहेत. पहिली ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री बुडाली. पाकिस्तानी पाणबुडीचा माग लागला म्हणून मुंबईहून तिला आणि किरपाण या दुसऱ्या युद्धनौकेला पाठवलं होतं, आणि त्याच पाणबुडीचा, हंगोरचा, टॉर्पेडो तिला लागला. काही मिनिटांत जहाज खाली गेलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. तुम्ही ज्यावर फिरलात ती दुसरी, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ ला नौदलात आली, डिसेंबर २०२१ ला निवृत्त झाली आणि मग म्युझियम म्हणून दीवला आणली. गेलेल्या जहाजाचं नाव नव्याला द्यायची नौदलात पद्धतच आहे.

स्मारकावर मॉडेलच सापडणार, कारण खरं जहाज दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर समुद्राच्या तळाशी आहे, बाहेर काढलेलंच नाही. त्या १९४ घरांना अंत्यसंस्कारासाठी काही मिळालं नाही हो, डोकं टेकवायला हीच जागा. काचेपुढे उभं राहिलं की मागे नुसता समुद्र दिसतो, तिथे आमचा गाइड घाई करत नाही आणि मी त्याला करायला सांगणारही नाही.

तुमच्या आईंना म्युझियम जहाजात खाली उतरता आलं नाही हे मात्र समजू शकतो. युद्धनौकेत जागा कमी म्हणून जिने जवळजवळ उभ्या शिडीसारखेच असतात, दोन्ही हातांनी कठडा धरून शिडीकडे तोंड करून उतरावं लागतं, गुडघे दुखत असतील तर नकोच. वरच्या डेकवरूनही तोफ वगैरे नीट बघता येते, पुढच्या वेळी गाइडला आधी सांगा, तो आईंसोबत वरच थांबेल.

स्मारकाचा स्टॉप कमी करणार नाही. फक्त बीचसाठी येणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच सांगावं, त्यांना गाडी थेट नागोआला सोडेल, जादा पैसे घेत नाही.