तळावलीच्या सांतानाकडेही गाडी वळवा

बों जेझूस आणि से कॅथेड्रल ही मोठी चर्च पाहून झाली की आपली बस जुन्या गोव्यातून पणजीला परतते. तिथून फार लांब नाही, तिसवाडी तालुक्यातच, तळावली नावाचं गाव आहे. तिथलं सांतानाचं चर्च ही माझ्या मते गोव्यातली सर्वांत देखणी बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या नक्षीदार, भव्य युरोपीय शैलीची वास्तू आहे, आणि आपण तिच्याजवळून न बघता निघून जातो याची मला खरोखर खंत वाटते.

पाद्री फ्रांसिश्कु दु रेगु यांनी १६८१ च्या सुमारास काम सुरू केलं आणि १६९५ मध्ये चर्च उभं राहिलं. खेड्यातलं चर्च, पण दर्शनी भाग पाच मजली, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. आत कोनाड्यांच्या वर शिंपल्यांची नक्षी, आणि भिंती एवढ्या जाड की त्यांच्या पोटातून चालायची वाट आहे. सगळं आपल्या चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आणि चुन्याचं काम. युरोपातून नमुने आले हे खरंच, पण गोव्यातल्या माणसांनी ते इथल्या दगडात आणि इथल्या पावसाला पुरून उरतील असे नव्याने घडवले. जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरच्या पिएदाद चर्चचा आराखडा तर आंतोनियु जुआंव दि फ्रियास या गोमंतकीय पाद्रींचाच.

जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा अर्धा मनोरा सर्वांनी पाहिलेला असतो. ते चर्च पडण्याआधी समोरून कसं दिसत असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज सांतानाकडे पाहून येतो. अभ्यासक या दोन्ही दर्शनी भागांचं नातं सांगतात. मग एक पडलं आणि एक उभं कसं राहिलं? ऑगस्टीनचं चर्च संन्याशांच्या संघाचं होतं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने हे संघ बंद केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. सांताना मात्र गावाचं होतं. साथींनी हा सगळा परिसर पोखरला, माणसं कमी झाली, तरी मीस म्हणजे चर्चमधली प्रार्थना चालू राहिली, फेस्त म्हणजे वार्षिक उत्सव चालू राहिला. ज्या इमारतीत कुणीतरी दर रविवारी येऊन बसतं, तिचं गळकं कौल निदान कुणाच्या तरी नजरेला पडतं.

फेस्तही काय सुंदर! जुलैच्या अखेरीस तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं. सांत आना ही मारियेची आई, येशूची आजी. मूल व्हावं म्हणून जोडपी तिला तवसं वाहतात. लग्न ठरावं म्हणून मुलगे चमचा वाहतात, मुली उडीद. हिंदूही येतात. नवस बोलायची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात काही समजावून सांगावं लागत नाही.

पण एवढी मोठी वास्तू लहानशा गावाने एकट्याने कशी सांभाळायची? सांताना बरीच वर्षं वाईट अवस्थेत होतं, भिंतींवर झाडं उगवली होती. सरकारी संरक्षण आणि मोठी डागडुजी हवीच, पण ती एकदा करून भागत नाही. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. चुन्याचा गिलावा हा त्याचा रेनकोट आहे. बों जेझूसचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. लालसर उघडा दगड पर्यटकांना आवडतो खरा, पण तो पावसात झिजतोय. आणि सिमेंटचा थर दिला तर ओल आतच कोंडते. म्हणून चुनाच हवा, तोही ठरावीक वर्षांनी, आणि तो मळता-लावता येणारे गवंडी हवेत. ते कसब शिकवायची सोय आज केली नाही, तर पुढच्या डागडुजीला माणसं कुठून आणणार?

१९८६ मध्ये जुन्या गोव्याच्या चर्चना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या यादीत सांताना नाही. माझं मागणं एवढंच आहे की यादीबाहेरच्या अशा गावच्या चर्चसाठी सरकारने दर वर्षी, पावसाळ्याआधी, चुन्याच्या कामाला वेगळा निधी ठेवावा. गोव्यात मतदार असलेल्या मित्रांनी आपल्या आमदाराला हे जरूर विचारावं.