चार केबीतलं गाणं ‘दाबलेलं’ नाही, भाऊ

गेल्या आठवड्यात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ तिघांनी तीनदा टाकला. बर्फाळ डोंगर, वरून फिरणारा कॅमेरा, मागे संथ चढत जाणारं संगीत. खाली मजकूर असा: “हे सगळं फक्त ४ केबीत! युरोपातल्या पोरांनी असं कॉम्प्रेशन शोधलंय की अख्खं गाणं एका फोटोच्या हजाराव्या हिश्श्यात मावतं. कंपन्यांनी दडपून ठेवलंय, नाहीतर डेटा पॅक कोण घेईल? आजचे प्रोग्रॅमर आळशी झालेत. पुढे पाठवा.” त्यावर ग्रुपमधल्या एका जाणकाराची टीप: “काही नाही, आवाज विंडोजमधून उचलतात अन् संगीत कॉम्प्युटरच बनवून देतो.”

व्हिडिओ खरा आहे. तो ‘एलिव्हेटेड’. इवल्याशा प्रोग्रॅममधून चित्र आणि संगीत उभं करणाऱ्या हौशी प्रोग्रॅमरांचे गट असतात; त्यातल्या आरजीबीए आणि टीबीसी या दोन गटांनी मिळून केलेला, २००९ साली अशाच लोकांच्या जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात ४ केबी विभागात पहिला आलेला. त्या प्रोग्रॅमची फाइल ४,०९६ बाइट्सच्या, म्हणजे ४ केबीच्या आत आहे, हेही खरं. बाकी मजकुरात मात्र एक वाक्य धड नाही. मी स्वतः दोन वर्षं, ऑफिसातून आल्यावर, असाच एक चिमुकला सिंथ, म्हणजे आवाज घडवणारा प्रोग्रॅम, बनवत बसलोय. त्यामुळे गप्प राहवलं नाही.

आधी ते ‘कॉम्प्रेशन’. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाचे टिपलेले आकडे), प्रत्येकी २ बाइट, डावा-उजवा मिळून १,७६,४०० बाइट्स. या हिशोबाने ४ केबीत सेकंदाचा चाळिसावा भागसुद्धा मावत नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ केली तर पाव सेकंद. गाणाऱ्याने ‘आ’ करायलाही तेवढा वेळ पुरत नाही. कितीही दाबा, रेकॉर्ड केलेलं तीन मिनिटांचं गाणं तिथे बसणारच नाही, कारण तिथे रेकॉर्डिंग नावाची चीजच नाही.

मग आहे काय? भातखंडे पद्धतीच्या वहीत एक बंदिश अर्ध्या पानात मावते. पण वही वाजत नाही, कुणाला तरी पेटी घेऊन बसावं लागतं. या फाइलीत वही आहे, पेटी आहे आणि पेटीवालाही आहे. फाइल उघडली की तो तिथल्या तिथे वाजवायला लागतो. चित्राला जागा सोडली तर या तिघांच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन केबी येतात.

पेटी एवढी लहान कशी, ते आपल्याच घरातल्या उदाहरणाने सांगतो. मे महिन्यात नागपुरात दिवसभर कानावर काय असतं? कूलर. त्याचा आवाज म्हणजे एकामागून एक येणारे वाटेल ते आकडे, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो. त्यातली तीक्ष्ण बाजू फिल्टरने कापायची, फिल्टर किंचित डोलवत ठेवायचा, म्हणजे पंखा फिरल्यासारखा वाटतो. खाली १०० हर्ट्झची हलकी घरघर मिसळायची. वीज ५० हर्ट्झची असली तरी मोटरमधलं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढलं जातं, म्हणून १००. माझ्या सिंथमध्ये हा कूलर १९ बाइट्सचा आहे. नॉइज, फिल्टर, डोलणं हे भाग आधीपासून असतातच. त्या १९ बाइट्सनी फक्त कोणता भाग किती, एवढंच सांगायचं.

तारेचा आवाज तर याहून गमतीचा. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली छापलेली युक्ती आहे. २०० आकड्यांची एक रांग घ्या, तिच्यात नॉइज भरा, आणि ती पुन्हा पुन्हा वाजवताना शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी मागे लिहीत जा. बस. छेडलेली तार ऐकू येते, २२० हर्ट्झच्या आसपास, आणि हळूहळू विरतेही. तानपुरा करायचा म्हणून मी यावरच दोन महिने घालवले. जवारी, ती तारेची झणझण, काही जमली नाही, ते वेगळं. शिवाय तीन सप्तकं वर गेलं की रांगच २४-२५ आकड्यांची होते. एक आकडा कमी-जास्त केला की सूर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त उडी मारतो, आणि या साध्या युक्तीत साडेचोवीस आकड्यांची रांग काही करता येत नाही. गाणं शिकलेल्या माणसाने ते ऐकलं तर उठून जाईल.

आता वही. इथे दाबणं येतं, पण ते आवाजाचं नाही. सूर जसेच्या तसे न लिहिता आधीच्या सुरापेक्षा किती वर-खाली तेवढं लिहायचं. तीच ओळ पंचमावरून घेतली तरी फरकांची रांग तीच राहते. सगळे सूर एका ओळीत, प्रत्येक सूर किती वेळ ते दुसऱ्या ओळीत. मग क्रिंकलरसारखा प्रोग्रॅम मागचं पाहून पुढचा बिट काय असेल याचा अंदाज बांधतो. अंदाज जितका बरोबर, तितकी जागा कमी. म्हणून पुनरुक्ती जवळजवळ फुकट पडते आणि नवी कल्पना महाग. या संगीतात तेच तेच वळण फिरून का येतं, त्याचं अर्धं कारण हे.

खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकांनी विचारलंच, “माझी नाट्यसंगीताची कॅसेटं अशी करून देतो का?” नाही काका. माणसाच्या गळ्याची वही कुणाकडे नाही. म्हणून कंपन्यांनी दडपण्यासारखंही काही नाही. जर्मनीच्या फारब्राउश गटाने तर आपल्या व्ही२ सिंथसकट बराचसा कोड २०१२ साली उघडा करून ठेवला. ज्याला वाचायचा त्याने वाचावा.

आता जाणकारांचं म्हणणं, आवाज विंडोजमधून उचलतात. यात तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विंडोजमध्ये जीएम.डीएलएस नावाची एक फाइल असते, साडेतीन एमबीच्या आसपास. तिच्यात पियानोपासून ढोलापर्यंत रोलंड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने दिलेले वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे आहेत, आणि काही गटांनी त्यातून ड्रम घेतलेत. मला स्वतःला ते खटकतं. दुसऱ्याच्या घरचा ढोल आणून मारबतीत मिरवल्यासारखं वाटतं. पण ते न करणारेही भरपूर आहेत. अल्काट्राझ गटाचं ४क्लँग हे सिंथ आवाज स्वतःच घडवतं. आणि फुकटची मदतच मोजायची, तर ड्रमच्या आधी डायरेक्टएक्स हे विंडोजमधलं चित्रं काढायचं तयार साहित्य आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मोजा. तेही काही त्या ४ केबीत नसतात.

“संगीत कॉम्प्युटरच बनवतो.” याचा मला खरंच राग आला. ४क्लँग किंवा व्ही२ हे संगीतकाराच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन म्हणून बसतं. माणूस कीबोर्डवर वाजवतो, खोडतो, पुन्हा वाजवतो, आणि शेवटी त्याचा कोड बाहेर काढतो. एका ओळीच्या सूत्रातून संगीत निघतं, असा एक प्रकार आहे. बाइटबीट म्हणतात, २०११ मध्ये विझनट या टोपणनावाच्या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने तो पुढे आणला. पण त्यातही हजार सूत्रांतलं कोणतं ठेवायचं ते कानच ठरवतो. आणि कॉम्प्युटरवर सोडलं तर काय होतं, ते आमच्या बिल्डिंगने ऐकलंय. मी चेंबरलिनचा फिल्टर वापरतो, लहान आहे म्हणून. त्याची कापायची रेषा सेकंदाच्या ४४,१०० नमुन्यांच्या सहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे साधारण ७,३५० हर्ट्झच्या वर नेली की तो ताळ सोडतो. एका दुपारी नेली. स्पीकरमधून जी किंकाळी निघाली, तिने काकू वर धावत आल्या, “काय जळून राहिलं रे?” तेव्हापासून दर नमुन्याला फिल्टर दोनदा चालवतो. चार-पाच बाइट्स जास्त गेले, पण काकू बोलतात.

राहता राहिले आळशी प्रोग्रॅमर. तुमच्या बँकेच्या ॲपला मराठी लागतं, जुन्या फोनवर चालावं लागतं, चोरापासून जपावं लागतं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाला ते दुरुस्त करता यावं लागतं. माझा सिंथ महिन्याभराने मलाच वाचता येत नाही. माझ्या अँटिव्हायरसने तर तो विषाणू समजून दोनदा पुसलाय.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर चार अंगठे आले. देशपांडे काका मात्र रविवारी दुपारी वर आले, म्हणे तो कूलर ऐकव. लॅपटॉपवर लावला. खिडकीतला खरा कूलर चालूच होता. काका दोन्हीकडे आलटून पालटून कान लावत होते, फरक काही सांगता येईना. तेवढ्यात लाइन गेली. पंखा थांबला, ताटीतलं पाणी टपटप गळायला लागलं, आणि घरघर तशीच सुरू.

काकांनी टॉवेलने मान पुसली. म्हणाले, “आवाज येऊन राहिला, पण हवा कुठे आहे बे?”