आईची पैठणी गप्प कशी करावी

कपाट उघडलं की साड्या बोलायला लागतात. मामाकडची पिवळी अष्टपुत्री, पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा, डोहाळजेवणाची हिरवी. ऐकायला वेळ कुणाला आहे? तर वहिनी, त्यांचं तोंड बंद करायची ही रीत.

सुरुवात पैठणीपासून करा, तीच जास्त बोलते. लोखंडी हँगरला लटकवा. जरीचा पदर जड. त्याच्या भाराने रेशीम दांडीवर ताणलं जातं आणि नाशिकच्या पावसाळ्यात गंजाची रेघ फुकटात उमटते. हँगर नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे ओल आतच राहून बुरशी धरेल. मलमलीत गुंडाळू नका, हवा खेळते. अत्तर थेट पदरावर मारा, डांबरगोळ्या जरीला चिकटवून ठेवा. जरी काळी पडेलच.

घडी बदलायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. दर तीन-चार महिन्यांनी घडी फिरवली तर साडी टिकते! वर्षानुवर्षं तीच घडी राहिली, की रेशीम नेमकं त्या रेषेवर चिरतं आणि रफूवालाही हात जोडतो.

येवला इथून जेमतेम ८० किलोमीटर, पण जाऊ नका. एखादा विणकर पदर उलटा करून दाखवेल: हातमागाची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ, यंत्रमागाच्या मागे बहुधा सुटे दोरे. मग मुनिया, आसावली, बांगडीमोर या पैठणीच्या नक्ष्या ओळखू येतील, आणि ही कुणी घेतली होती हा नसता प्रश्न पडेल. तो आईला विचारू नका. कुणी दिली, कोणत्या साली, घडी कुणी मोडली, हे कापडाच्या तुकड्यावर लिहून साडीसोबत ठेवणाऱ्या बायका असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

ब्लाउज मात्र आधी काढून टाका. आतली माया दर वेळी सैल केली की जुन्या टाक्यांची भोकं मागे राहतात. एक ओळ लग्नाची, दुसरी थोरल्याच्या बाळंतपणाची, तिसरी धाकटीची. इतकं स्पष्ट तर आईही कधी बोलली नसेल.

उरलेल्या सुती नऊवाऱ्या बोहारणीला द्या. स्टीलचं पातेलं मिळेल, झाकणासाठी घासाघीस करा. खऱ्या जरीची साडी तिला देऊ नका, नुकसान होईल. जुनी जरी घेणाऱ्याला द्या. तो ती जाळून चांदी काढतो आणि रोख मोजतो. ते पैसे घेऊन मेन रोडला जा आणि दुकानदाराला सांगा, आजीच्या काळातली वाटेल अशी काहीतरी दाखवा.