फक्त एक मिनिट आहे का?

रस्त्यात लोकांना थांबवून संस्थांसाठी देणगीदार जोडायची नोकरी लागल्याचा आनंद झाला असेल तर आजच साजरा करून घ्या, उद्यापासून प्रशिक्षण आहे. मुलाखतीत तुम्हाला एवढंच विचारलं होतं, ‘लोकांशी बोलायला आवडतं का?’ तुम्ही ‘हो, खूप’ म्हणालात. त्यातला ‘खूप’ पहिल्या दिवशी दुपारी गळतो आणि ‘हो’ साधारण तिसऱ्या दिवशी.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. ज्या संस्थेचं जॅकेट तुम्ही घालणार आहात, त्या संस्थेत तुम्ही नोकरीला नाही. तुम्ही एका एजन्सीत आहात आणि एजन्सीच्या कपाटात अशी पाच-सहा जॅकेटं टांगलेली असतात. या आठवड्यात देवमाशांसाठी जीव तुटेल, पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूसाठी. जीव तोच, जॅकेटचा रंग वेगळा. आमच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात संस्था नेमकं काय करते यासाठी पाऊण तास होता, तोही जेवणानंतरचा. बाकीचा सगळा वेळ चालता माणूस कसा थांबवायचा यावर गेला. आणि ते योग्यच होतं. थांबलेल्या माणसाला काहीही सांगता येतं. जो थांबलाच नाही, त्याच्यासाठी तुम्ही देवमाशांचे प्रकाण्डपंडित असून काय उपयोग?

तर, थांबवणे. उभं राहायचं फुटपाथच्या बरोबर मध्ये, पण चेहऱ्यावर भाव असा की आपण बाजूलाच आहोत. टॅब छातीशी धरू नये, ढालीसारखा दिसतो. तो पाठीमागे ठेवावा, म्हणजे माणसाला संकट वेळेवर दिसत नाही. माणूस वीस पावलांवर असताना नजर धरायची, दहावर हसायचं आणि पाचवर हात हलवायचा, शाळेतला मित्र दिसल्यासारखा. त्यालाही क्षणभर वाटतं, हा कोण बरं? त्या एका क्षणावर आपला सगळा धंदा उभा आहे. लगेच म्हणायचं, ‘बूट भारी आहेत!’ बुटांची तारीफ करायची कारण बूट बहुतेकांच्या पायात असतात. आमच्यातल्या एकाने घाईघाईत प्लास्टर घातलेल्या पायाची तारीफ केली होती. तो माणूस थांबला, पण तो आधीपासूनच थांबलेला होता, त्यामुळे ते मोजणीत धरलं नाही.

त्यानंतर आपलं ब्रह्मवाक्य : ‘फक्त एक मिनिट आहे का?’ हे मिनिट सात-आठ मिनिटांचं असतं, हे तुम्हाला ठाऊक असतं आणि त्यालाही. घाईतल्या माणसावर रागावू नका. १९७३ साली प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. प्रवचन द्यायला निघालेल्या या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. काहींच्या प्रवचनाचा विषयच मुळी वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची गोष्ट हा होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना उशीर झाला होता त्यांच्यापैकी १० टक्के. भावी धर्मगुरूंची ही कथा, तर ऑफिसला उशीर झालेल्या माणसाकडून तुम्ही काय अपेक्षा करणार? आणि तुम्ही तर कण्हतसुद्धा नाही आहात, हसत आहात.

माणूस चालतच राहिला तर त्याच्या बरोबरीने चाला. किती? ब्रिटनमधल्या नियमात बरीच वर्षं याचं उत्तर होतं : तीन पावलं. तीनपेक्षा जास्त पावलं मागे जायचं नाही, दुकानाच्या दारापासून आणि एटीएमपासून तीन मीटर लांब उभं राहायचं. नियम मोजूनमापून केलेला होता, म्हणजे चौथं पाऊल कुणीतरी मनापासून टाकलेलं असणार. तिथल्या लोकांनी आपल्या व्यवसायाला लाडाचं नावही ठेवलंय, ‘चगर’. चॅरिटी हा शब्द आणि वाटमाऱ्याला इंग्रजीत म्हणतात तो ‘मगर’, यांची ती संधी. मराठीत ती संधी जास्तच खुलते, कारण आपल्याकडच्या मगरीला अश्रूही येतात.

ते अश्रू कुठे काढायचे, हेही शिकवतात. हजारो मुलं उपाशी आहेत असं कधीही म्हणू नका. हजार हा हिशेब झाला आणि हिशेब दिसला की माणूस सावध होतो. एकच मुलगी सांगा. तिला नाव द्या, वय द्या, लॅमिनेट केलेला फोटो द्या. फोटोचा कोपरा मी इतक्या वेळा अंगठ्याने दाबला होता की तिथलं प्लास्टिक सुटून त्या मुलीच्या कानापर्यंत पावसाचं पाणी गेलं होतं. टीम लीडरला दाखवलं तर तो म्हणाला, ‘राहू दे, जास्त करुण दिसतंय.’

आता पुढचा धडा, भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. १९६६ साली कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी ही म्हण न ऐकताच सिद्ध केली. घराच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भलामोठा कुरूप फलक लावू द्या, असं लोकांना थेट विचारलं तेव्हा १७ टक्के तयार झाले. ज्यांनी दोन आठवड्यांपूर्वी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावली होती, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. म्हणून पैशाचं एकदम काढू नका. आधी विचारा, ‘मुलं शिकावीत असं वाटतं ना?’ नाही कोण म्हणेल? तीन वेळा ‘हो’ म्हणालेल्या माणसाला चौथ्यांदा ‘नाही’ म्हणताना स्वतःचीच लाज वाटते. त्या लाजेवर त्याची सही घ्यायची.

आणि तरी अडला, तर शेवटचं अस्त्र : ‘अगदी थोडे दिलेत तरी चालेल.’ १९७६ साली चियाल्डिनी आणि श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी घरोघरी वर्गणी मागताना ‘एक पेनीसुद्धा चालेल’ एवढंच वाक्य जोडून पाहिलं. देणारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, आणि गंमत म्हणजे देणाऱ्यांनी साधारण नेहमीएवढेच दिले. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते महागात पडलंय.

एवढं सगळं जमल्यावर कधीतरी एक आजीबाई स्वतःहून येतील. ही मात्र खरी अडचण. त्यांना थांबवावं लागत नाही, बुटांची तारीफ नको, फोटो नको. त्या पर्स उघडतात, आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेली नोट काढतात आणि म्हणतात, ‘घे बाळा, चांगलं काम करतोस.’ आणि तुम्हाला म्हणायचं असतं, ‘आजी, आम्ही रोख पैसे घेत नाही.’ कारण आपण देणगी गोळा करत नाही, देणगीदार गोळा करतो. दर महिन्याला खात्यातून आपोआप रक्कम कापली जाईल अशी सही हवी, नोट नको. बरं, सही घ्यावी तर वयाची मर्यादा आडवी येते, ठरावीक वयापुढच्यांची नोंदणी आमच्याकडे धरत नसत. म्हणजे दिवसभरात ज्या एका बाईंना खरोखर द्यायचं होतं, त्या नोट पुन्हा घडी घालून निघून जातात आणि तुम्ही दिवसभरासाठी गोळा केलेलं सगळं हसू त्यांच्या पाठीकडे बघत संपवता. प्रशिक्षणात या प्रसंगासाठी वाक्य दिलेलं नाही. मी पान उलटून पाहिलं होतं.

हिशेबाचं थोडक्यात. असं रस्त्यावर जोडलेल्या देणगीदारांपैकी साधारण निम्मे वर्षभरात बंद करतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. एजन्सीची फी मात्र डोक्यामागे आधीच ठरलेली, त्यामुळे सुरुवातीचे कितीतरी महिने देणगीदाराने दिलेला पैसा देणगीदार मिळवण्याचा खर्च फेडतो. ब्रिटनमध्ये तर ‘मला याचे पैसे मिळतात’ हे सहीआधी सांगायची कायद्याची सक्ती आहे. ते वाक्य शिंक दाबल्यासारखं म्हणायचं असतं. आमच्याकडे दिवसाला ठरावीक सह्या नाहीत तर चौथ्या दिवशी जॅकेट परत. मी नऊ दिवस टिकलो, म्हणजे अनुभवी समजला जात होतो.

एक राहिलं. प्रशिक्षणाच्या पहिल्या संध्याकाळी ‘सराव’ म्हणून दोघादोघांच्या जोड्या लावतात आणि एकमेकांकडून फॉर्म भरून घेतात. माझी जोडी प्रशिक्षकाशी होती. त्याने बूट चांगले आहेत म्हटलं, मुलं शिकावीत असं वाटतं ना विचारलं, मी मान डोलावत राहिलो आणि खाते क्रमांकाच्या रकान्यात सवयीने खराच क्रमांक लिहिला. पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले तेव्हा कळलं की त्या दिवशी प्रशिक्षकाचंही टार्गेट होतं.

नोकरी सुटल्यावर ते बंद करायला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, ‘नक्की बंद करते सर, त्याआधी फक्त एक मिनिट आहे का?’ मला पुढचं सगळं पाठ होतं. कुठे थांबेल, कुठे नाव घेईल, कुठे श्वास घेईल, सगळं. ‘अगदी थोडे ठेवलेत तरी चालेल,’ ती म्हणाली.

आता निम्मे कापले जातात, दर महिन्याच्या पाच तारखेला.